शिष्ट : डोंगर ओलांडला की अर्थ बदलणारा शब्द

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला जळगाव जामोद आहे. तिथून पुढं निघालं की रस्ता सातपुड्याच्या डोंगरात शिरतो आणि डोंगर ओलांडला की मध्य प्रदेशातलं बऱ्हाणपूर लागतं. दोन्हीकडे कापूस पिकतो, दोन्हीकडच्या बाजारात मराठी आणि हिंदी एकमेकींत मिसळलेल्या असतात. एक शब्द मात्र हा डोंगर चढताना एका अर्थाचा असतो आणि उतरताना दुसऱ्याच अर्थाचा. बऱ्हाणपूरच्या शाळेत गुरुजी एखाद्या मुलीबद्दल ‘बड़ी शिष्ट है’ म्हणाले, तर तिच्या आईबापांची मान उंचावते. अलीकडे, जळगाव जामोदच्या लग्नघरात त्याच मुलीबद्दल कुणी ‘लय शिष्ट हाये बापा थे पोरगी’ म्हणालं, तर तिच्या आईचा चेहरा उतरतो. अक्षरं तीच, उच्चार तोच. तिकडे कौतुक, इकडे तक्रार.

मराठीत बोलताना नुसतं ‘शिष्ट’ म्हटलं की डोळ्यांसमोर एक माणूस उभा राहतो. मांडवात तो खुर्चीत ताठ बसलेला असतो. पाणी विचारलं तर ‘नको, असू द्या’. जेवणाचा आग्रह केला तर ‘पुरे, खरंच पुरे’. हसणं ओठांच्या कोपऱ्यापुरतं, बोलणं शुद्ध आणि मोजकं. त्याच्या वागण्यात चूक काढायला गेलं तर एकही सापडत नाही. उद्धट माणूस रीत मोडतो, म्हणून लोक चिडतात. शिष्ट माणूस एकही रीत मोडत नाही, आणि तरी लोक त्याच्यापाशी अवघडतात. अशा माणसासाठी वेगळा शब्द ठेवावा असं एखाद्या भाषेला वाटतं, यातच मला मोठी गंमत वाटते. पण खरा अचंबा पुढं आहे. हा शब्द मुळात अगदी उलट्या माणसासाठी घडवला होता.

‘शिष्ट’ची जन्मकथा पाणिनीच्या व्याकरणात सापडते. संस्कृतमध्ये ‘शास्’ हा धातू आहे. शिकवणं, वळण लावणं, आज्ञा करणं, राज्य करणं, शिक्षा करणं, हे सगळं त्याच्या पोटात येतं. त्याला ‘त’ प्रत्यय लागला म्हणजे ‘शिकवलेला’, ‘वळण लागलेला’ असा अर्थ होतो. रूप खरं तर ‘शास्त’ असं व्हायला हवं. पण पाणिनीचा एक छोटा नियम मध्ये येतो आणि धातूतल्या ‘आ’चा ‘इ’ करतो. त्या ‘इ’मुळे पुढच्या ‘स’चा ‘ष’ होतो आणि ‘ष’च्या शेजारी आल्यानं ‘त’चा ‘ट’ होतो. एक स्वर हलला आणि ‘शास्’चा ‘शिष्ट’ झाला.

आता या घराण्यातले बाकीचे शब्द ओळीनं मांडून पाहा. शास्त्र, शासन, शास्ता, अनुशासन. या सगळ्यांत ‘आ’ जागच्या जागी आहे. शिष्य, शिष्ट, आणि ‘आशीर्वाद’मधला ‘आशीस्’ यांत मात्र ‘आ’ जाऊन ‘इ’ किंवा ‘ई’ आली आहे. व्याकरणाच्या दृष्टीनं हा प्रत्ययांचा खेळ आहे. पण मला लक्षात ठेवायला एक खूण सापडली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. शिकवण बाहेर उभी आहे, पुस्तकात आहे, सत्तेत आहे, गुरूच्या आसनावर आहे, तिथं ‘आ’. शिकवण माणसात उतरली, की ‘इ’. शिष्य म्हणजे जिच्यात ती उतरायची आहे ती व्यक्ती, शिष्ट म्हणजे जिच्यात ती उतरली ती. आणि आशीर्वाद तर दुसऱ्याच्या डोक्यावर उतरण्यासाठीच असतो.

शिकवण उतरलेला हा माणूस दिसायचा कसा? हा प्रश्न इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात पतंजलींनीच महाभाष्यात विचारला आहे. शिष्ट म्हणायचं तरी कुणाला? त्यांच्या उत्तरातली लक्षणं वाचताना आजचा मराठी माणूस थबकतो. एका मडक्यात मावेल एवढंच धान्य घरात ठेवणारा, हाव नसलेला, कुठलाही लाभ डोळ्यांसमोर न ठेवता योग्य ते करणारा आणि एखाद्या विद्येत पारंगत झालेला. बौधायनाच्या धर्मसूत्रातही शिष्टाची व्याख्या आहे आणि तिथं यादी आणखी मोठी होते. मत्सर गेलेला, अहंकार नसलेला, दंभ, दर्प, लोभ, मोह आणि क्रोध यांपासून सुटलेला.

अहंकार नाही, दंभ नाही, दर्प नाही. आणि आज खामगावच्या किंवा मेहकरच्या घरात ‘शिष्ट’ म्हटलं की पहिला अर्थ निघतो तो गर्वाचा. शब्दानं प्रदक्षिणा घालून स्वतःच्या बरोबर समोर येऊन उभं राहावं, तसं हे आहे.

या जुन्या व्याख्येला एक कुंपण होतं, तेही सांगायला हवं. पतंजलींचे शिष्ट ब्राह्मण होते आणि आर्यावर्तात राहणारे होते. त्या आर्यावर्ताची दक्षिण सीमा पारियात्र पर्वताशी, म्हणजे विंध्याच्या रांगेशी, संपते. आपला पूर्णाकाठ त्या नकाशात बसतच नाही, आणि शेतात राबणारी माणसं तर कुठंच बसत नाहीत. व्याख्येचं कुंपण अरुंद होतं, पण कुंपणाच्या आत जे गुण मोजले होते ते कुणालाही लागू पडावेत असे होते. पुढं काय घडलं ते समजून घ्यायचं तर हे दोन्ही एकत्र लक्षात ठेवायला हवं.

पतंजलींनी आणखी एक सुंदर गोष्ट सांगितली आहे. त्यांच्या मते शिष्ट माणूस व्याकरण न शिकता शुद्ध बोलतो. मग अष्टाध्यायी कशासाठी शिकायची? शिष्टांना ओळखता यावं म्हणून. घोकून घोकून शिकलेला विद्यार्थी एखाद्या न शिकलेल्या माणसाच्या तोंडून तेच बिनचूक शब्द ऐकतो आणि मनात म्हणतो, याच्यावर दैवी कृपा तरी असली पाहिजे, नाहीतर याचा स्वभावच असा असला पाहिजे. म्हणजे शिष्टपणाची खूण होती सहजता. वाऱ्याबरोबर ज्वारीचं कणीस डुलावं तितकं सहज वळण. आजच्या ‘शिष्ट’ माणसात नेमकी तीच गोष्ट नसते. त्याचं वळण दिसतं, त्यामागचे कष्टही दिसतात, आणि ते दिसावेत अशी त्याची इच्छाही दिसते.

मराठीत हा शब्द कसा वळला, ते त्याच्या आजूबाजूचे शब्द पाहून कळतं. ‘शिष्ट समाज’, ‘शिष्टसंमत प्रयोग’, ‘अशिष्ट वर्तन’ असं लिहिलं, की अर्थ जुना आणि आदराचा. पण त्याच्यामागं ‘फार’, ‘जरा’, ‘लय’ लागलं किंवा पुढं ‘च’ आला, की शब्द फिरतो. ‘तो शिष्टच आहे जरा’ यात कौतुकाचा कणही उरत नाही. ‘शिष्टपणा करू नको’ हे तर सरळ दटावणं. आणि ‘शिष्ट झाली’ या दोन शब्दांत अख्खी गोष्ट मावते. मुलगी पुण्याला शिकायला गेली, दोन वर्षांनी दिवाळीला आली, ‘हाये’चं ‘आहे’ झालं, ‘काहून’चं ‘का’ झालं, आत्याच्या घरी चहा नको म्हणाली. शेजारीण म्हणते, शिष्ट झाली. त्या मुलीला कदाचित खरंच चहा सोडायचा असेल. गावाला मात्र ती दूर गेल्याचं ऐकू येतं.

बुलढाण्यात तर भाषेच्या अशा पायऱ्या जिल्ह्याच्या आतच आहेत. इथली माणसं जिल्ह्याचे दोन भाग करून बोलतात, घाटावर आणि घाटाखाली. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा. तिथल्या बोलीला मराठवाड्याचा शेजार. घाटाखाली खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, जळगाव जामोद. तिथं वऱ्हाडी ठसठशीत, आणि मलकापूरकडे सरकलं की खानदेशी वळण ऐकू येतं. इतक्या बोलींतून वावरणाऱ्या माणसाला भाषेतलं अंतर कानानंच मोजता येतं. कोण आपल्यात बसून बोलतो आणि कोण वरच्या पायरीवर उभा राहून, हे पहिल्या वाक्यात कळतं. जवळजवळ प्रत्येक गावाला कुठल्या तरी दुसऱ्या गावाची बोली शिष्ट वाटते. ‘शिष्ट’ हा शब्द त्या अंतराचं माप झाला आहे.

पण हे मराठीतच का घडलं? सातपुड्यापलीकडे हिंदीत शब्द चांगलाच राहिला. गुजरातीतही तो सभ्य, सुसंस्कृत याच अर्थानं नांदतो. तेलुगूत शिकलेल्या लोकांच्या बोलण्यातल्या भाषेला ‘शिष्ट व्यावहारिक’ असं मानाचं नाव मिळालं. मग मराठीनंच त्याच्याकडे डोळे वटारून का पाहावं?

मला याचं उत्तर आपल्या ‘अहो’ आणि ‘अगं’मध्ये दिसतं. मराठी माणूस आईला ‘अगं’ म्हणतो, आजीला ‘तू’ म्हणतो, पंढरीच्या विठोबाला तर थेट ‘अरे’ म्हणून हाक मारतो. परक्याला ‘अहो’, आणि ज्याच्यावर जीव आहे त्याला ‘अरे’. जिव्हाळा वाढत जातो तशी आदराची रूपं एकेक करून गळतात, आणि ती गळणं हीच प्रेमाची खूण असते. विहिणी पहिल्या दिवशी एकमेकींना ‘अहो’ म्हणतात. पाच वर्षांनी एक दुसरीच्या स्वयंपाकघरात शिरून स्वतः चहा टाकते, आणि त्याला नातं पिकलं असं म्हणतात. अशा समाजात जो माणूस पाच वर्षांनीही बैठकीतच बसतो आणि ‘आपण’ सोडत नाही, त्यानं रीत पाळलेली असते, पण रीत सोडण्याचं आमंत्रण नाकारलेलं असतं. ते नाकारणं लोकांना लागतं. ‘शिष्ट’मधली तक्रार माझ्या मते त्या न स्वीकारलेल्या आमंत्रणाची आहे.

स्तुतीचा शब्द असा आंबणं काही एकट्या ‘शिष्ट’च्या वाट्याला आलेलं नाही. ‘शहाणा’ पाहा. ‘शहाणं बाळ’ म्हटलं की माया, आणि ‘फार शहाणा आहेस’ म्हटलं की चपराक. ‘दीडशहाणा’ तर पुरती शिवी. शहाणपण मापात होतं तोवर गुण होतं, वर अर्धं चढलं आणि दोष झालं. दूर युरोपातही हेच घडलं. इंग्रजीतला ‘प्रूड’ हा शब्द सोवळेपणाचा अतिरेक करणाऱ्या माणसासाठी वापरतात. तो फ्रेंचमधून आला, आणि जुन्या फ्रेंचमध्ये त्याच्या मुळाशी अर्थ होता ‘सन्मान्य, गुणी स्त्री’. हजारो मैलांवरच्या दोन भाषांनी, एकमेकींना न विचारता, सभ्यतेसाठी घडवलेला शब्द सभ्यतेच्या अतिरेकासाठी वापरला. माणसांच्या मनात कुठं तरी एक समान तराजू असावा, असं यावरून वाटू लागतं.

जोडशब्दांत मात्र ‘शिष्ट’ला धक्का लागला नाही. एकटा शब्द रोजच्या बोलण्यात घासतो, झिजतो, वळतो. जोडशब्दात अडकलेला शब्द, खडकात शंख जपला जावा तसा जुन्या अर्थासह जपला जातो. वर्तमानपत्रात बुलढाण्याच्या स्थानिक पानावर नेहमी दिसणारं वाक्य आठवा. शेतकऱ्यांच्या शिष्टमंडळानं जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन दिलं. पीकविमा, सोयाबीनचा भाव, कापसाची खरेदी, पाण्याचं आवर्तन, विषय बदलतात. त्या मंडळातली माणसं पहाटे उठून, बैलांना चारा टाकून, एसटीनं जिल्ह्याच्या गावी आलेली असतात. चपलांना शेताची माती असते. त्यांना ‘शिष्ट’ म्हणायची कुणाची छाती नाही, पण ती ‘शिष्टमंडळ’ नक्की असतात. चारचौघांच्या वतीनं बोलायला ज्यांच्यावर विश्वास टाकावा, ती माणसं. आर्यावर्ताच्या कुंपणाबाहेर राहिलेल्या शेतकऱ्याला हा शब्द शेवटी भेटला तो असा, जिल्हा कचेरीच्या पायरीवर.

आणखी एक शब्द आहे ‘शिष्टाई’. दोन बाजूंमध्ये पडून समेट घडवायला जाणं म्हणजे शिष्टाई. भाऊबंदकीत बांधावरून भांडण पेटलं, की गावातला एखादा जाणता शिष्टाईला जातो. या शब्दाचा मोठा आदर्श महाभारतात आहे, कृष्णशिष्टाई. पांडवांच्या वतीनं कृष्ण हस्तिनापुरात गेला. दुर्योधनानं त्याच्यासाठी राजवाड्यात थाटाचं भोजन मांडलं होतं. ते त्यानं नाकारलं आणि विदुराच्या घरी जेवला. आपल्या परंपरेनं त्या जेवणाला ‘विदुराघरच्या कण्या’ असं नाव दिलं. कण्या म्हणजे काय, ते वऱ्हाडातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. भरडलेल्या ज्वारीच्या, ताकाबरोबर खायच्या. थाट मोठा होता तिथं पाय न ठेवता, मन मोठं होतं तिथं मांडी घालून बसणं, हे शिष्टाईचं चित्र आपल्या कीर्तनांनी शतकानुशतकं रंगवलं. ‘शिष्ट’ला जे जमत नाही, ते ‘शिष्टाई’च्या पोटात सुखरूप आहे.

ताठर वागण्यासाठी मराठीकडे आणखीही शब्द आहेत, आणि प्रत्येकाचं घर वेगळं आहे. ‘आखडू’ हा शब्द शरीरातून आला. थंडीनं हातपाय आखडतात तसं मन आखडलेला माणूस. ‘ताठा’ मानेत बसतो. ‘तोरा’ मिरवायला बघणारे लागतात. ‘सोवळा’ हा शब्द मात्र वस्त्रातून आणि स्पर्शातून आला. स्नान करून, वेगळं वस्त्र नेसून, कुणाचा स्पर्श न होऊ देता पूजेला किंवा स्वयंपाकाला बसणं म्हणजे सोवळ्यात असणं. त्यावरून नैतिक बाबतीत स्वतःला स्वच्छ म्हणवणारा तो सोवळा. ‘तो काही तेवढा सोवळा नाही’ असं आपण सहज म्हणतो. पण या शब्दाला एक काळी कडा आहे. केशवपन केलेल्या विधवेला ‘सोवळी’ म्हणत. पावित्र्याचा शब्द एका बाईच्या डोक्यावरून वस्तरा फिरवून तिच्यावर लादला जाई, आणि जन्मभर त्यात राहण्यावाचून तिला गत्यंतर नसे.

या सोवळेपणाला सर्वांत धारदार प्रश्न विचारणारी बाई बुलढाण्याचीच होती. ताराबाई शिंदे. १८५० च्या सुमारास जन्मलेल्या. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला होते आणि सत्यशोधक समाजाच्या वर्तुळातले होते. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेचा खटला गाजला. आपल्या नवजात बाळाला मारल्याबद्दल तिला फाशीची शिक्षा झाली, पुढं ती बदलून काळ्या पाण्याची झाली. ‘पुणे वैभव’ या पत्रानं त्या निमित्तानं समस्त बायकांच्या वागण्यावर कोरडे ओढले. ताराबाईंनी उत्तरादाखल ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिलं. १८८२ साली ते पुण्यात छापलं गेलं. विधवेनं कसं वागावं याचे इतके नियम, मग विधुरानं कसं वागावं याचे कुठं आहेत? बायकांवर जे दोष लादता, ते पुरुषांत नाहीत का? असे एकेक सवाल त्यांनी मांडले. जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. पुढं ते पुस्तक विस्मरणात गेलं आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणलं.

मला या पुस्तकात शब्दाच्या दृष्टीनं काय दिसतं ते सांगतो. ताराबाईंनी पंडितांची भाषा उसनी घेतली नाही. ओसरीवर, चुलीपाशी, पाणवठ्यावर बायका जशा बोलतात, तशी ती भाषा आहे. म्हणींनी भरलेली, तडतडणारी, थेट. त्या काळच्या शिष्ट लेखनाच्या मापात ती बसणारी नव्हती. पण ज्या वागण्याला ‘रीत’ म्हणत होते, त्यात दंभ किती आहे हे तिनं दाखवलं. आणि दंभ नसणं हेच तर बौधायनानं शिष्टाचं लक्षण सांगितलं होतं. त्या मापानं त्या वादात खरं शिष्ट कोण होतं, ते वाचणाऱ्याला आपोआप उमगतं.

आता शेजारच्या एका शब्दाकडे वळू. ‘शिष्ट’ आणि ‘शिस्त’ कानाला सख्ख्या बहिणी वाटतात. अर्थही जवळचे, वळण लागलेलं वागणं. पण त्यांचं रक्ताचं नातं नाही. ‘शिस्त’ फारसीतून आली. फारसीत ‘शस्त’ म्हणजे अंगठा. तिरंदाज अंगठ्यात घालायचा त्या कड्यालाही तेच नाव, आणि त्यावरून नेम धरण्यालाही. मराठीतही ‘शिस्त धरणे’ म्हणजे बंदुकीचा नेम धरणं असा जुना प्रयोग आहे. नेम धरायचा तर अंग स्थिर हवं, श्वास आवरलेला हवा, नजर एका रेषेत हवी. त्यावरून नीटनेटकेपणाला, आवरलेल्या वागण्याला ‘शिस्त’ म्हणू लागले. मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यात मेहकर हे एका सरकारचं ठाणं होतं, आणि या भागाच्या दफ्तरांत फारसी शतकानुशतकं चालली. एक शब्द गुरूच्या पायाशी जन्मला, दुसरा धनुष्याच्या दोरीवर, आणि दोघी मराठीच्या अंगणात येऊन बहिणींसारख्या नांदू लागल्या.

आणि जिचं नातं असेल असं कुणाला स्वप्नातही वाटणार नाही, ती ‘शिष्ट’ची जुळी वेगळीच आहे. संस्कृतमध्ये ‘शिष्’ असा दुसरा धातू आहे. अर्थ उरणं, मागं राहणं. त्याला ‘त’ लागला की रूप होतं, पुन्हा ‘शिष्ट’. या शिष्टचा अर्थ उरलेलं. शेष, अवशेष, विशेष, अवशिष्ट, विशिष्ट, ही त्याची माणसं. पुराणकारांना हा योगायोग दिसला होता. मन्वंतर संपलं, सगळं जग लयाला गेलं, तरी मनू आणि सप्तर्षी मागं उरतात, पुढच्या जगाला धर्म सांगण्यासाठी. उरलेले म्हणून ते शिष्ट, असं पुराणांत म्हटलं आहे. मला इथं शेतकऱ्याच्या घरातलं बियाणं आठवतं. सगळं धान्य खाऊन, विकून संपलं, तरी एक मडकं राख लावून बाजूला ठेवलेलं असतं. पुढच्या मृगासाठी उरलेलं.

याच ‘उरण्या’तून संस्कृतमध्ये ‘उच्छिष्ट’ हा शब्द झाला, ताटात उरलेलं अन्न. आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या जिभेवर घासत घासत ‘उच्छिष्ट’चं मराठीत झालं ‘उष्टं’. थांबून पाहा हे. ‘उष्टं’ या शब्दाच्या आत ‘शिष्ट’ विरघळलेलं आहे. ज्याच्या नुसत्या नावानं शिष्ट माणूस अंग चोरतो, त्या उष्ट्याच्या पोटात त्याचंच नाव आहे. आणि मराठीनं उष्ट्याला फक्त टाकाऊ मानलं नाही. बाळाला पहिला घास भरवण्याच्या संस्काराला आपण ‘उष्टावण’ म्हणतो. आई लेकराच्या ताटातलं उरलेलं खाते, तेव्हा तिला विटाळ वाटत नाही. जिथं प्रेम आहे तिथं उष्टं हा शब्द गोड होतो, जसा ‘अरे’ गोड होतो.

आणि इथं बुलढाण्याची सर्वांत मोठी गोष्ट येऊन भिडते. २३ फेब्रुवारी १८७८. शेगावात देविदास पातुरकरांच्या घरी कार्य होतं. जेवणं झाली, पत्रावळी बाहेर टाकल्या गेल्या. बंकटलाल अग्रवाल आणि दामोदरपंत कुलकर्णी यांना रस्त्याच्या कडेला एक तरुण दिसला, त्या उष्ट्या पत्रावळींवरची भाताची शितं वेचून खाणारा. गजानन महाराजांचं पहिलं दर्शन परंपरा असं सांगते, आणि दासगणूंच्या ‘श्री गजानन विजय’ ग्रंथानं ते घराघरात पोचवलं. ८ सप्टेंबर १९१० रोजी महाराजांनी देह ठेवला. पण लाखो माणसांच्या मनात कोरलं गेलं ते हेच चित्र, उष्ट्यापाशी बसलेला महात्मा. एका मडक्याच्या धान्यावर राहणारा निर्लोभी शिष्ट पतंजलींनी रंगवला होता. शेगावनं जो पाहिला, त्याच्याकडे मडकंही नव्हतं.

आज शेगावला गेलं की मंदिरात पांढऱ्या वेषातले सेवेकरी भेटतात. त्यांत शेतकरी असतात, दुकानदार असतात, नोकरदार असतात. आपापल्या गावाहून येतात, ठरलेले दिवस विनामूल्य सेवा करतात आणि परत कामाला जातात. रांग लावणं, फरशी पुसणं, चपला सांभाळणं, महाप्रसाद वाढणं आणि जेवण झाल्यावर ताटं उचलणं. सगळं शिस्तीत, आवाज न चढवता. समोर लहान मूल असो की म्हातारा, एसटीनं आलेला असो की मोटारीनं, सर्वांना हाक एकच, ‘माउली’. मी पहिल्यांदा ती हाक ऐकली तेव्हा वळून मागं पाहिलं, दुसऱ्या कुणाला हाक मारली असेल म्हणून. ती मलाच होती.

त्या हाकेत रीत पुरेपूर आहे आणि अंतर जराही नाही. ‘अहो’चा आदर आणि ‘अगं’ची माया तिथं एका शब्दात बसली आहे. बौधायनाची यादी हाती घेऊन मी त्या माणसांकडे पाहिलं. अहंकार नाही, हाव नाही, दिसून येणारा लाभ नाही. फक्त तिथं जातीचं आणि आर्यावर्ताचं कुंपण उरलेलं नाही.

म्हणून आता लग्नघरात कुणी ‘लय शिष्ट हाये’ म्हणालं, की मला शब्द बिघडलाय असं वाटत नाही. ती बाई नकळत दोन हजार वर्षांपूर्वीची परीक्षाच घेत असते. रीत आहे, पण तिच्यात माया उतरली का? शिकवण बाहेरच उभी आहे, की माणसात मुरली? मुरली नसेल, तर तिला ते पहिल्या घोटाला कळतं. आणि जिथं ती मुरलेली असते, तिथं ‘शिष्ट’ हा शब्द कुणाच्या तोंडी येतच नाही. तिथं कुणीतरी खाली वाकून आपलं उष्टं ताट उचलतं, आणि म्हणतं, ‘माउली, पोटभर झालं ना?’